दुसरी जोडी

दि. ९ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

वहिनीला परवा घरी आणलं. अँब्युलन्सवाल्या दोघांनी तिला पुढच्या खोलीतल्या पलंगावर ठेवलं, माझी सही घेतली आणि गेले. पार्सल पोचवल्यासारखं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. नुसतं "बा, बा" करते, तेही रागावली की. कान आणि डोळे मात्र शाबूत आहेत, त्यामुळे घरात मोकळेपणी बोलायची सोय राहिली नाही. तुला तसंही फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले.

काम असं आहे. तिच्या उजव्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. आता धोका नाही म्हणतात, पण पाय सुजून खांबासारखा झालाय. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे दिलेत, कातडीच्या रंगाचे, दोन जोड्या. हॉस्पिटलातल्या नर्सने एकदा घालून दाखवले तेव्हा मिनिटभरात चढले. मी काल घालायला गेले तर अर्धा तास गेला. मोजा टाचेशी अडकून बसला, वहिनीने डाव्या हाताने माझे केस धरले, आणि आम्ही दोघी घामाघूम. तू एकतीस वर्षं वॉर्डात काढलीस. पहिलीच्या पोराला सांगावं तसं लिही.

दादा गेल्यापासून भाचा दर रविवारी फोन करतो. "आत्या, तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे." त्याला आईकडे यायचं तर दोन विमानं बदलावी लागतात. मी कापडाच्या दुकानातली नोकरी सोडली. बावीस वर्षं काउंटरमागे उभी होते. मालकाने जाताना एक टॉवेल दिला. माझ्याही पिंढऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं झालंय, पण ते पुन्हा कधीतरी.

तुझी ठकू

दि. १७ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

मोजा सकाळी घालायचा, पाय पलंगाखाली सोडायच्या आत. आडवं राहिलं की सूज उतरलेली असते. पाय कोरडा हवा. सकाळी क्रीम लावू नकोस, मोजा सरकत नाही आणि खराबही होतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे हातात चढव, म्हणजे पकड येते. मोजा टाचेपर्यंत उलटा कर, पाऊल त्यात बसव, टाच टाचेच्या जागी आली ना बघ, मग तळहातांनी वर सारत ने. वरची कड धरून ओढायचं नाही. लांब झाला म्हणून दुमडायचा तर अजिबात नाही; दुमडलेली कड दोरी बांधल्यासारखी रुतते.

झोपताना काढायचा. रोज. कंटाळा आला तरी. पाय कोमट पाण्याने धू, टिपून घे, मग क्रीम. या मोज्यांनी कातडी कोरडी पडते, खाजते, कोंडा निघतो, त्याला घाबरू नकोस. पण टाच, घोटे, नडगी आणि पावलाची वरची बाजू चांगल्या उजेडात बघायची. लाल डाग दाबून गेला नाही तर तिथे मोजा काचतोय. बोटं गार पडली, निळी किंवा पांढरीफटक दिसली तर मोजा काढ आणि डॉक्टरांना बोलव. एक जोडी पायात, एक धुण्यात, म्हणून दोन दिल्यात.

तिला बारा वर्षं साखर आहे. काचलं तरी तिला सुरुवातीला कळणार नाही. आणि डॉक्टरांना विचार, मोजे देण्याआधी पावलावरची नाडी तपासली होती का. पायात रक्तच पुरेसं उतरत नसेल तर हा मोजा औषध नाही, फास आहे. विचारून मला कळव.

रडू नकोस असं लिहिणार नाही, तू रडशीलच. रडून झालं की कामाला लाग.

ताई

दि. ३० जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

तू लिहिलंस तसं सगळं चाललंय. रबरी हातमोज्यांची युक्ती लाखाची. आता चार मिनिटांत घालते. आठव्या दिवशी सूज उतरून घोट्याचं हाड दिसलं. पाय हलका झाला असावा, कारण आधी नुसता हात लावला की ओरडायची ती आता गप्प पडून राहते. डॉक्टरांना नाडीचं विचारलं, ठीक आहे म्हणाले.

वहिनी मात्र तीच आहे. बोलता येत नाही म्हणून डाव्या हातात चमचा धरते आणि पलंगाच्या लोखंडावर वाजवते. एकदा वाजवला म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे भांडं, आणि सारखा वाजवत राहिली म्हणजे मी खुर्चीवर बसलेय हे तिला दिसलंय.

एक गंमत सांगते. परवा धुतलेली जोडी वाळली का बघत होते, सहज माझ्या पायात घालून पाहिली. आमचं माप एकच निघालं. दुपार गेली, संध्याकाळ झाली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. मग लक्षात आलं, पाय दुखत नाहीयेत. रोज चारच्या सुमारास पिंढरीत कोणी शिसं ओततंय असं व्हायचं, ते झालं नाही. ताई, बावीस वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी माझे पाय मला जड वाटले नाहीत. वहिनीने बघितलं आणि चमचा वाजवत बसली. लगेच काढून ठेवली, अर्थात.

तुझी ठकू

दि. ८ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

"लगेच काढून ठेवली, अर्थात." तू पाळण्यात असल्यापासून मी तुला ओळखते. अर्थात हा शब्द तू खोटं बोलतानाच वापरतेस.

तुझे पाय दुखतात, मान्य. तुझ्यासाठी वेगळे मोजे घे, माप देऊन. तिच्या जोडीला हात लावू नकोस, कारण एकच जोडी राहिली की ती धुवायला काढायची तर पाय उघडा राहणार, म्हणून आज राहू दे, उद्या राहू दे असं होतं. मी हे पाहिलंय. आमच्या वॉर्डात ऑपरेशननंतर एका बाईच्या पायात नऊ दिवस मोजा तसाच राहिला. सकाळच्या पाळीला वाटलं रात्रीची काढते, रात्रीच्या पाळीला वाटलं सकाळची. दहाव्या दिवशी काढला तेव्हा टाचेची कातडी मोज्याबरोबर आली. त्या बाईने तक्रार केली नव्हती, तिला वाटलं हे असंच असतं. त्या वॉर्डाची मुख्य मी होते. मी रजिस्टरमध्ये नऊही दिवस "मोजे काढले, त्वचा ठीक" असं भरून टाकलं आणि नोकरीत टिकले. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय ते उगीच नाही.

पत्रात फक्त मला एवढं लिही: आज तिची टाच कशी दिसते.

ताई

दि. ३ मार्च

ती. ताईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. वेळ नव्हता असं नाही, लिहावंसं वाटत नव्हतं.

दुसरी जोडी मी घालते. रोज. तू ओळखलंसच होतंस, तेव्हा आता अर्थात वगैरे नको. दुकानात मोजे मिळतात, मला माहीत आहे. पण सकाळी तिच्यासमोर खुर्चीवर बसून तिची जोडी माझ्या पायात चढवण्यात जी मजा आहे ती दुकानात मिळत नाही.

गेले काही दिवस ती चमचा वाजवत नाही. डाव्या हाताचं बोट उजव्या पायाकडे करते आणि माझ्याकडे बघते. पुन्हा बोट, पुन्हा माझ्याकडे. डोळ्यांतून पाणी येतं. मी म्हणते, "काय झालं वहिनी? सांगा की." ती "बा, बा" करते. मी म्हणते, "नीट सांगा, मला कळत नाही." आंघोळ घालायला येणाऱ्या मावशीला मी येऊ नका म्हणून सांगितलं. स्पंजने पुसते मीच, गुडघ्याच्या वर.

तू लग्न होऊन गेली होतीस, म्हणून तुला पूर्ण माहीत नाही. दुकानासमोर घड्याळं दुरुस्त करणारा होता, तो आणि त्याची आई घरी आले होते. त्याला मी आवडत होते, ताई. रोज काहीतरी निमित्त काढून कापड बघायला यायचा, एक वारही घ्यायचा नाही. आईला घेऊन आला म्हणजे काय ते समजलंच होतं सगळ्यांना. वहिनीने मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. मी समोर उभी राहिले, आणि ती खाली वाकली आणि माझी साडी गुडघ्यापर्यंत वर केली. माझ्या दोन्ही नडग्यांवर तेव्हा इसब होतं, ओलं, खाजवून रक्त आलेलं. "हे आत्ताच बघून घ्या," ती म्हणाली. "नंतर आमच्या नावाने बोंब नको." दादा पेपर वाचत होता. घड्याळवाल्याने मान खाली घातली ती जाईपर्यंत वर केली नाही. त्याची आई पाणीसुद्धा प्यायली नाही.  इसब पुढच्या वर्षी गेलं. फुकटचं राबणारं माणूस मात्र तिच्या घरात राहिलं.

विचारायचं हे होतं. समजा एखाद्याने मोजा दहा-बारा दिवस काढला नाही, आणि बोटं काळसर दिसायला लागली, आणि थोडा वास येतो, तर पुढे काय होतं?

ठकू

दि. ८ मार्च

ठकू,

आज काढ. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता. ओढू नकोस, कात्रीने वरून खाली काप. चिकटला असेल तिथे कोमट पाणी टाक. काय दिसेल त्याला हात लावू नकोस, अँब्युलन्स बोलव. डॉक्टर विचारतील तेव्हा काय सांगायचं हे तुझं तू ठरव.

ताई

दि. ३० मार्च

ताई,

तुझं पत्र तेराला पोचलं. मोजा घातल्याला तो तेविसावा दिवस होता. कात्रीने कापला. टाच काळी होती, कोळशासारखी आणि कोरडी. वरची कड मीच दुमडली होती. लांब व्हायचा. तिथे पिंढरीभोवती करंगळीएवढी खोल गोल जखम होती आणि ती ओली होती. वास कसा होता ते तुला सांगायला नको. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती, छताकडे बघत होती.

गुडघ्याखाली पाय कापला. सर्जन तरुण होते. मला बाहेर बोलावून म्हणाले, "मोजे रोज काढत होता ना?" मी हो म्हणाले. "टाच बघत होता?" हो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग कागदावर लिहिलं, साखर आणि पायातल्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद. नाडीचं मी कधीच कोणाला विचारलं नव्हतं. ती कोणी तपासली असती तर हे मोजे दिलेच नसते, असंही सर्जन म्हणाले, अगदी सहज.

हे सगळं तिच्या खोलीच्या दारात चाललं होतं. ती डावा हात पलंगाच्या दांड्यावर आपटायला लागली. इतका की सलाइनची सुई निघाली. नर्स म्हणाली, पेशंट घाबरलीय, आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. मी तिचा हात धरून ठेवला, टोचताना हलू नये म्हणून.

भाचा फोनवर रडला. म्हणाला, "आत्या, स्वतःला दोष देऊ नकोस."

आता तुझं. माझं पत्र तुला सहा-सातला मिळालं असणार. तुझ्या लेकीच्या घरात फोन आहे. तुला ऐकू येत नाही, तिला येतं. एका मिनिटाचं काम होतं. तू पत्र लिहिलंस, तिकीट लावलंस, आणि ते पाच दिवस प्रवास करत आलं. मी त्या पाच दिवसांत रोज टपालाची वाट बघितली. तू काढ म्हणालीस की काढणार होते.

ठकू

दि. ९ एप्रिल

ठकू,

पत्र सहाला दुपारी मिळालं. लेक समोरच बसून भाजी निवडत होती. तिने विचारलं, "मावशी काय म्हणते?" मी म्हटलं, मजेत आहे. दोन दिवस पत्र उशीखाली ठेवलं, मग उत्तर लिहिलं. फोन का केला नाही याचं कारण तुला हवंय. माझ्या बाळंतपणात आईला माझ्याकडे पाठवायचं नाही म्हणून वहिनीने दादाला सांगितलं होतं, आणि आई त्याच महिन्यात गेली. एवढंच. माझं इसब कोणाला दिसलं नाही इतकाच फरक.

तुझी सगळी पत्रं मी जाळली. माझी तू जाळ. वॉर्डाबद्दलचं पत्र आधी.

कापलेल्या पायाचं टोक सुजून बेढब होऊ नये म्हणून आता तिथेही दाबाचा मोजा देतील, टोपीसारखा. तो दिवसातून दोन-तीनदा काढून कातडी बघायची आणि पुन्हा घालायचा. या खेपेला बघ.

ताई

दि. २१ जून

ती. ताईस,

वहिनी बोलायला लागली.

हॉस्पिटलने एक बाई पाठवायला सुरुवात केली, बोलायला शिकवणारी. आठवड्यातून दोनदा येते. चित्रं दाखवते, कप, दार, किल्ली. दीड महिना नुसतं बा बा. मागच्या मंगळवारी बाईने विचारलं, "हे कोण बसलंय?" वहिनीने माझ्याकडे बघून स्पष्ट म्हटलं, "ठकू." बाईने टाळ्या वाजवल्या. मी चहा ठेवायला आत गेले.

आता रोज एखादा शब्द येतो. नको. पाणी. काढ. घाल. शुक्रवारी "पाय" म्हणाली आणि बाईने तिला शाबासकी दिली. बाई म्हणते, वर्षभरात छोटी छोटी वाक्यं येतील. भाचा ऑगस्टमध्ये येतोय, बारा दिवस.

ताई, मला तुझ्याकडे येऊ दे. वेगळी खोली नको, व्हरांड्यात राहीन. तुझ्या लेकीचं घर आवरीन, जेवण करीन. तो यायच्या आत.

ठकू

दि. २९ जून

ठकू,

येऊ नकोस. लेक विचारेल, वहिनीला कोणाच्या भरवशावर टाकून आलीस, आणि तू दोन दिवसांत तिच्यासमोर रडून सगळं सांगून मोकळी होशील. त्यात माझं नाव येईल. तू पळालीस की भाच्यालाही शंका येईल. राहिलीस तर येणार नाही. राहा आणि तोंड सरळ ठेव.

वाचा कधी कधी एवढ्यावरच थांबते. पाच-सहा शब्दांवर. मी असे पुष्कळ पाहिलेत.

ताई

दि. २ सप्टेंबर

ताई,

भाचा येऊन गेला.

पहिले दहा दिवस काहीच झालं नाही. तो तिच्याजवळ बसायचा, फोटो दाखवायचा. मी आतून कान लावून असायची. अकराव्या दिवशी जेवणानंतर त्याने मला समोर बसवलं आणि तिला म्हणाला, "आई, आत्या दमलीय. मी चौकशी केलीय, एक चांगली संस्था आहे, चोवीस तास नर्स. तिथे राहशील? आत्याला सुटी देऊ." माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. वहिनीने बराच वेळ तोंड हलवलं. मग म्हणाली, "ठकू."

तो म्हणाला, "आत्या भेटायला येईल की."

"नको. ठकू. ठकूच."

त्याचे डोळे भरून आले. उठून माझ्या पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. म्हणाला, "आत्या, असं प्रेम मी कुठे बघितलं नाही." दुसऱ्या दिवशी गेला. टॅक्सी वळेपर्यंत मी दारात हात हलवत उभी होते.

आत आले. तिने पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाली, "काढ." मी टोपीमोजा काढला, टाके होते तिथली कातडी बघितली, ठीक होती. "घाल." घातला. "काढ." मला वाटलं काचतोय. काढला, बघितलं, काही नव्हतं. "घाल." दुपारपर्यंत अकरा वेळा. आता रोज तेच. जरा वाकडा बसला तर पुन्हा, सरळ बसला तरी पुन्हा. माझ्या बोटांची नखं मागे सरकलीत. मध्ये मी खुर्चीत टेकले तर चमचा.

परवा तिने माझ्या पायांकडे बोट केलं. मी अजून ती जोडी घालत होते. "काढ." काढली. मग कात्रीकडे बोट. मी माझ्या हाताने दोन्ही मोजे कापले, चारचार तुकडे, ती मोजत होती. माझे पाय पुन्हा चार वाजता भरून येतात. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला एक तपकिरी चट्टा आलाय, मध्ये ओला. त्यावर काय लावायचं ते लिही.

काल न राहवून विचारलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला शब्द येतात आता. मुलगा बारा दिवस समोर होता. त्याला सांगितलं का नाही?"

ती खूप वेळ शब्द शोधत होती. कपाळाला घाम आला. चेहऱ्याची डावी बाजू हळूहळू हसली, उजवी तशीच राहिली.

"सांगेन," म्हणाली.

मी विचारलं, कधी.  तिने डाव्या हाताने उजवी मांडी उचलली आणि कापून उरलेला पाय माझ्यापुढे धरला.

ठकू